दोन-चार

सहा वर्षं ओम्नी उभी होती कोपरखैरण्यात,
सेक्टर अठराच्या पाण्याच्या टाकीमागं,
ताडपत्रीवर चार विटा, टायर बसके.
विकता येत नव्हती. कागद फर्मच्या नावावर,
आणि फर्म म्हणजे मी आणि जयवंती मढवी,
शाळांचे गणवेश, घाऊक व किरकोळ.
सही दोघींची लागते.

रविवारी पेवेकर आला, खांद्यावर नवी बॅटरी.
ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं,
आपल्याच बुडाखाली, हे मी विसरून गेले होते.
सीट उचलली तर उंदीर नाही, नुसतं घरटं:
राखाडी टेरीकॉट, मरून चौकडा,
एका खिशाचं अर्धं बोधचिन्ह,
'विद्या मंदिर'मधला 'वि' खाल्लेला.
आमचीच चिंध्यांची गोणी, कुरतडून कापसासारखी मऊ.
"बाई, शिलाई बरी आहे की त्याची," पेवेकर म्हणाला.
मी म्हटलं, इंटरलॉक केलेलं नाही.

जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशचा वास.
चौथ्या सेल्फला खोकली, सातव्याला तिनं धरलं,
आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला
तो विझेचना.
त्याचा नवा स्कॅनर तिला ओळखेना.
"ही त्याच्या आधीची. पिन आहे का तुमच्याकडं?"
पिन!
माझ्या पदराला कायम दोन असतात.
इंजिन बंद करून, चावी अर्धी ठेवून
त्यानं एक सरळ केली, सॉकेटच्या दोन भोकांत घातली
आणि दिवा बोलायला लागला.

एक.
थांबला.
एक दोन तीन चार.
काजं मोजावीत तशी मी बोटांवर मोजत होते.
"एक-चार. पाणी किती तापलं ते सांगणारी वायर."
मग दोन.
थांबून, चार.
"दोन-चार. वेग."
मी म्हटलं, म्हणजे हे दोन भाग खराब?
"दिवा तक्रार कुणाची ते सांगतो, बाई.
चूक कुणाची, ते वाकून बघायला लागतं."

मग मी ते विचारलं, ज्यासाठी खरं तर त्याला बोलावलं होतं.
शेवटच्या दिवशीही हा दिवा लागला होता.
जूनची डिलिव्हरी, मागं अडीचशे फ्रॉक,
घणसोलीच्या सिग्नलला जयवंती म्हणाली, थांबव गाडी.
मी म्हटलं, काही होत नाही.
तिथून गोष्ट उधारीवर गेली,
उधारीवरून तिच्या भावावर,
आणि तळवलीच्या फाट्यावर ती उतरली,
टेप गळ्यात तशीच.
तेव्हा काय बिघडलं होतं?

पेवेकरनं हात पुसले, एकेक बोट.
"ते आता नाही कळायचं.
बॅटरी मेली की हिची याददाश्त जाते.
हे दोन्ही आजचे. मघाशी सेल्फ मारला, त्यानंतरचे."

मी ताडपत्रीची घडी घालत राहिले.
नीट बसेना, पुन्हा उलगडली.
दर पाडव्याला हिला हळदकुंकू लावत होते मी,
साक्षीदाराला लावावं तसं.

एक-चारची वायर उंदरानं खाल्ली होती, ती जोडली.
दोन-चारचा भाग तुर्भ्यात मिळेल, सोमवारी.
"चालवायला हरकत नाही. काटा तेवढा हलणार नाही."

मीच बसले चालवायला.
स्टेअरिंग जड, क्लचला आवाज,
बेलापूर रोडला लागलो तशी दुकानं मागं पळाली,
घणसोलीचा सिग्नल हिरवाच मिळाला,
एक टेम्पो हॉर्न देत बाजूनं गेला,
काटा शून्यावर.
गाडीच्या हिशोबानं आम्ही अजून टाकीमागंच.

पुढं फाटा दिसायला लागला.
"आता फिरवा माघारी," पेवेकर म्हणाला, "पेट्रोल थोडंच टाकलंय."
मी इंडिकेटर दिला.
तो डावीकडचा होता.
पेवेकरनं बघितलं,
आणि काच खाली करायला लागला, ती निम्म्यावर अडकली.