पूर्ववत

पुंता अरेनासला वारा येत-जात नाही, तो राहतोच तिथं.
चौकाचौकात दोर बांधलेत, धरून चालायला.
जून महिना, साडेचारलाच काळोख,
आणि शेजारच्या एदेलमिराबाईंनी फळ्यांच्या भिंतीवर
लाटण्यानं तीन ठोके दिले:
म्हणजे, ये रे येर्को, काहीतरी बिघडलंय.

मी सतरा वर्षांचा. गल्लीत ख्याती अशी
की हा मेलेला प्रिंटर नुसत्या हातानं उठवतो.
खरं तर मी फक्त न घाबरता पुढचं बटण दाबायचो.

शिवणयंत्राशेजारी, विणलेल्या रुमालाखाली तो बसलेला.
निळा पडदा, पांढरी अक्षरं, बंद,
पुन्हा सुरू, पुन्हा निळा.
"मंगळवारपासून उचकी लागलीय त्याला."
"मंगळवारी काय केलंत?"
"मी? काहीच नाही."

मग मी मागं जायची वाट उघडली.
तारखांची यादी आली:
तीन मे, प्रिंटर बसवला.
वीस मे, आपोआप.
नऊ जून, सोमवार, आपोआप.
बाई एकेका तारखेपाशी थांबल्या, थडगी वाचावीत तशा.
तीन मेला वडिलांच्या होडीचे कागद छापले.
वीस मेला गॅस संपला, आणि कुणी फिरकलं नाही.
"हा आपोआप कोण?"
"तो स्वतःच. न सांगता खूण करून ठेवतो,
पुढं वाट चुकली तर असावी म्हणून."
"मग तो बाई असणार," त्या म्हणाल्या,
आणि सोमवारवर बोट टेकवलं. काचेवर ठसा उमटला.
"इथं ने. सोमवारी मी अजून ते लिहिलं नव्हतं."

ते म्हणजे काय, मी विचारलं नाही.
पडद्यावर आलेलं मोठ्यानं वाचलं, डॉक्टरच्या आवाजात:
आपली कागदपत्रं, छायाचित्रं, पत्रव्यवहार
जसाच्या तसा राहील.
बाई स्वयंपाकघरात मातेसाठी पाणी तापवत होत्या.
छपराचा पत्रा वाजत होता.
त्यांनी ऐकलं नाही, आणि मी दाबलं.

पन्नास मिनिटं लागली.
तेवढ्यात एकच पेला दोघांत फिरवत त्यांनी सांगून टाकलं:
भाऊ एलिसेओ, तिकडे कास्त्रोला.
वडिलांच्या दुखण्यात आला नाही, होडी मात्र विकायला निघाला.
मंगळवारी त्याला लिहिलं, उसवायच्या पात्यानं लिहावं तसं,
शेवटी, यापुढं मला बहीण म्हणू नकोस.
पाठवा दाबलं आणि पडदा निळा झाला.
पत्र उंबरठ्यातच अडकलं.
बुधवारी त्याचाच फोन. बोटीचं तिकीट काढलंय, येतो.
होडीबद्दल अवाक्षर नाही.
फक्त विचारलं, थंडी किती आहे गं तिकडं.
"आता ते पत्र लिहिलंच नाही असं होईल ना?"
सुंठीवाचून खोकला गेला, असा चेहरा.

माझ्या तोंडातली नळी तोंडातच राहिली.

यंत्र जागं झालं. शहाण्यासारखं, एकही उचकी नाही.
आपला संगणक पूर्ववत झाला आहे.
त्यामागून टपालाची खिडकी आपली आपण उघडली,
जशी ती सोमवारपर्यंत रोज उघडायची,
आणि तळाशी बारीक अक्षरात:
पाठवत आहे, एकातलं एक.
"थांबव!"
मी भिंतीतून वायरच उपटली.
पाठवलं.

वायर हातात. पत्रा वाजतोय.
यंत्र सोमवारी जाऊन पोचलेलं,
त्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ मात्र शुक्रवारच दाखवत होतं,
सहा वाजून दहा मिनिटं.
मी म्हटलं, माझी चूक झाली. त्या काही बोलल्या नाहीत.
रुमाल उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडली.
मग म्हणाल्या, "ती वायर लाव परत. फोनला."

नंबर पाठ होता. सहा घंटा.

"एलिसेओ, मी बोलतेय.
तुला एक पत्र आलं असेल. वाच, वाच खुशाल,
निम्मं खरंच आहे त्यातलं.
पण ते मंगळवारचं आहे, आणि आज शुक्रवार.
हो.
हो, ऐकतेय मी.
उणे चार आहे इथं. जाड मोजे आण."