पासंग

अड्याळच्या बाजारात, सुकटीच्या ओळीला शेवटी,
फुलवंताबाईच्या तराजूला
डाव्या अंगानं एक राजा लटकतो.

उजवं पारडं पहिल्यापासूनच जड.
खडा बांधून पाहिला, सायकलचा नट बांधून पाहिला,
मग सासऱ्याच्या पेटीत हा सापडला.
कानातून सुतळी ओवली
अन् दांडी सरळ झाली.

राजा मानेपर्यंतच आहे.
खाली खांदा नाही, हात नाही.
दाढी केसागणिक कोरलेली, डोळा एकच,
तोही कडेला.
ज्याच्याकडे बघायचंच नाही
त्याच्या छातीवर बसायचं
तर तोंड फिरवूनच बसावं लागतं.

आडकू कोतवालाच्या छातीवर तो बसला
दरबाराच्या साली, भंडाऱ्याच्या मांडवात.
डिप्टीसाहेबानं टाचणी खुपसली ती बंडीतून आत गेली.
आडकू हलला नाही.
रातोरात चालत गावी आला,
दिवा वाऱ्यापासून झाकावा
तसा तळवा बिल्ल्यावर धरून.

दुसऱ्या दिवसापासून मालगुजार
शिवीऐवजी नावानं हाक मारू लागला.
ओसरीवर नाही, पायरीपर्यंत.
साहेबाचा तंबू पडला की बेगारीला माणसं काढायची,
तेव्हा आडकू बोलायचा नाही,
घोंगडं जरा बाजूला सारायचा.
दोन बोटं रुंद तोंड.
घोडा लागला नाही, शिपाई लागला नाही,
जेवत्या ताटावरून माणसं उठायची.

विहिरीला मात्र राजा ओळखू आला नाही.
आडकूच्या बायकोनं पाणी
ओंजळीत वरूनच घेतलं,
बिल्ला होता तेव्हाही.

दर सोमवारी चिंच आणि राख.
घासता घासता राजाचं नाक गेलं.
गावात ज्यानं त्याला सगळ्यात जास्त मान दिला
त्याच्याच अंगठ्यानं गेलं.

पोरगी तापानं फणफणली त्या साली
पवनीच्या सोनारानं कसोटीवर घासून पाहिलं.
रेघ तपकिरी उमटली.
"चांदी नोहे गा आडकू, कासं हाये.
वरून पानी देल्लं."
आडकू ओट्यावर बसून राहिला
भात्याची आग विझेपर्यंत.
घरी येऊन त्यानं राजाला पेटीत ठेवलं,
पालथं.
पोरगी वाचली की नाही, हे फुलवंताबाई सांगत नाही.

आता समोर खांबावर फ्लेक्स आहे,
भावी सदस्य, तेरा मित्रांच्या फोटोंसकट.
हा मात्र समोर बघतो, हात जोडून, दात दाखवून,
पाठीमागं नाल्याचा वास.
त्याच्या सावलीत तिचं दुकान
दुपारपर्यंत थंड राहतं, तेवढं खरं.

मागच्या बुधवारी एक मास्तर आले.
भिंग लावून पाहिलं, पाचशे देतो म्हणाले, मग सातशे.
"पुराना हाये बाई, इतिहास हाये."
"असन," ती म्हणाली,
"पन माहा काटा वाकडा होते ना मंग."

अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही,
असं आमच्याकडे म्हणतात.
हा पुरतो.
पारडं भरतं, राजा वर जातो,
थरथरतो, खाली येतो, थांबतो.
पावशेर.
कोणाचंच एक बोंबील
इकडचं तिकडं होत नाही.