शेरा

सात वर्षं किल्ली माझ्याच पर्समध्ये होती,
हे आधी सांगून टाकते.

चौथीच्या वर्गात खिडकीखाली हिरवी ट्रंक.
तिच्यावर बिसिऊटाच्या ताटांची चळत,
पावसाळ्यात ओल्या छत्र्या.
आत एकशे बारा गोष्टीची पुस्तकं,
नंबर टाकलेली, कव्हरं घातलेली,
डांबराच्या गोळ्यांच्या वासात गप्प.

दर मार्चला बेळगावहून साहेब यायचे.
त्यांना मराठी वाचता येत नसे, पानं मोजता यायची.
"चलो इट्टीरी, टीचर," म्हणत
नोंदवहीत शेरा मारायचे: उत्तम. एकही पान फाटलेले नाही.
आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटायचा,
फडताळातल्या न वापरलेल्या काचेच्या कपांचा
वाटतो ना, तसला.

भरमू तरळे. 'वाचत नाही' असं त्याच्या नावापुढं
मीच लिहिलं होतं.
रताळ्याच्या काढणीला आठ दिवस गैरहजर,
आला तो हातात कागद घेऊन.
भजी संपलेली, तेल उरलेलं.
जुन्या पेपरचा तुकडा:
बिबट्या विहिरीत पडला,
लोकांनी दोर बांधून खाट सोडली,
बिबट्या खाटेवर चढला आणि
तिथंच कागद फाटलेला.

"निघाला काय ओ बाई त्यो भायेर?"
मला काय ठाऊक.
"तुमच्या त्या पेटीत आसंल की."

कुलूप गंजलेलं. सृष्टीच्या वेणीचं खोबरेल
बोटानं घेऊन लावलं, तेव्हा फिरलं.

बिबट्या आत नव्हताच.
पण त्याला शोधत भरमू एकेक पुस्तक उघडत गेला,
अक्षरावर बोट, ओठ हलते,
जांबोटीच्या चढाला एसटी लागावी तसा,
पहिल्या गिअरात.
सुटीची घंटा झाली. त्याला ऐकू आली नाही.
मला आली.
मी जागची हलले नाही.

मग पुस्तकं घरोघर जायला लागली,
आणि नोंदवहीतला तो रिकामा रकाना भरायला लागला.

नंबर अठरा: चहाचा डाग, बशीएवढा.
नंबर चाळीस: वासराने कोपरा खाल्ला. पालकांची सही आहे.
नंबर सत्तावन्न: शेवटचे पान नाही.
चौकशी केली.
सृष्टीनं फाडून थोरल्या भावाच्या खिशात घातलेलं.
तो पहाटेच्या गाडीनं गोव्याला बांधकामावर निघालेला,
गोष्ट ऐकून झालेली निम्मीच.
काय शिक्षा करणार?

नंबर त्र्याहत्तर परत आलंच नाही.
म्हणून शिवलीलाच्या घरी गेले.
तिची आई यरगट्टीकडची, मराठी बोलायला बुजते.
पोरगी चुलीपुढं बसून एक ओळ वाचायची,
मग आईसाठी तीच कन्नडमध्ये वळवायची.
आई थापती भाकरी हातातच धरून:
"मुंदे एनातु?"
पुढं काय झालं?

आमच्या फाट्यावरच्या पाटीवर
कधी ह्या अक्षरांना काळं फासतात, कधी त्या.
मी दाराशी उभी, चपला हातात,
माझ्याही तोंडून तेच निघालं: पुढं काय झालं?
भाकरी करपली.
पुस्तक मागायचं राहिलं.

यंदा मार्चला नवे साहेब.
फाटकी एकतीस, बेपत्ता तीन.
लेखी खुलासा द्या म्हणाले.
दिला:
"सात वर्षं पुस्तकं वाळवीपासून वाचली.
यंदा पोरांनी वाचली."

मंजूर झाला का, अजून कळलं नाही.
पगारातून कापतील म्हणतात, कापू देत.

भरमू अजून बिबट्याचं विचारत होता.
म्हटलं, तूच लिही की गा.
पाठकोऱ्या कागदावर चार ओळी आल्या:
बिबट्या भायेर आला.
खाट मोडली.
खाट कुणाची हुती
ते फुडल्या पानावर.

आज सकाळी प्रार्थनेच्या आधीच येऊन उभा,
पान द्या म्हणतो, बाई.