सारा

माझ्या दुकानात सातबारा निघतो, पॅन कार्ड निघतं,
आणि द्वारकाताई लांजेवारांचा परदेशी पत्रव्यवहार.
पान पाच रुपये. रंगीत दहा.
पालांदूरच्या बसथांब्यासमोर, पीठगिरणीला लागून,
म्हणून कीबोर्डावर कायम पांढरी पूड.

ताई अंगणवाडीतून निवृत्त. कथांचं एकच पुस्तक,
तीनशे प्रती, त्यातल्या दीडशे अजून धानाच्या ढोलीवर.
एक एस्टोनियात कशी पोचली
ते मला नीट सांगता येत नाही.
पुण्याच्या फूटपाथवर कुणी घेतली म्हणे, पावसात भिजलेली.

लिइस तिकडून विचारते. तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.
एकेका मेलमध्ये अकरा-अकरा शब्द:
बांधी म्हणजे शेत की शेताचा तुकडा?
बोडी कुठे संपते आणि तलाव कुठे सुरू होतो?
सांदवाडीला बाग म्हटलं तर चालेल का?

ताई बाकावर बसून पदरानं चष्मा पुसतात.
"बाग नाई जी. जिथं राख टाकते, कारल्याचा येल चढते,
जिथं बाई भांडे घासता घासता रडून घेते
अन् कोनाले दिसत नाई."
मी म्हटलं, एवढं सगळं लिहू?
"पाच रुपयात बसते तेवढं लिह."

मग बुधवारी बातमी आली.
तिकडच्या कुठल्याशा पुरस्काराची यादी, सहा पुस्तकं,
त्यात हे.
गुरुवारच्या पेपरात: भंडाऱ्याच्या कन्येचा सातासमुद्रापार झेंडा.
फोटो दुसऱ्याच लांजेवारबाईंचा, बचत गटाच्या.
लिइसचं नाव नाही.

ताईंनी माझ्याच फोनवरून वार्ताहराला विचारलं,
मेहनत जिनं केली तिचं नाव कुठं हाय?
तो म्हणाला, जागा कमी पडली.
त्याच पानावर ट्रॅक्टरची अर्धं पान जाहिरात होती,
ताईंनी ती त्याला वाचून दाखवली, हप्त्यासकट.

चहाच्या टपरीवर मतं तयार होती.
युरोत किती येतील?
त्या देशात दहा-बारा लाखच बोलतात म्हणे ती भाषा,
एवढे तर आपल्या दोन-चार तालुक्यांत निघतील.
खोब्रागडे सर म्हणाले, अनुवादात मूळ हरपतंच.
ताई बशीतला चहा थंड करत होत्या.
"हरपू द्या जी. गोऱ्हा हरपला का दहा गावं फिरा लागते,
तवाच तं सोयरे भेटतात."
सरांनी बिलाचे पैसे दिले. हे क्वचित होतं.

पण मला सांगायचं होतं ते वेगळं.

पहिल्या कथेत एक ओळ आहे, टुरी सारेत गेली.
आमच्याकडे शाळेला सारा म्हणतात;
श आणि ळ आमच्या तोंडात थांबत नाहीत.
लिइसनं कोश उघडले. सारा: सगळा. सारा: जमिनीचा कर.
कर जुळेना, म्हणून तिनं लिहून टाकलं,
मुलगी सगळ्यात गेली.
पुस्तक छापून झाल्यावर तिला कळलं. माफीचा लांबलचक मेल.
शेवटी लिहिलेलं:
माझ्या आईची बोलीही वेगळी होती,
शाळेत ती बोलली की कोपऱ्यात उभं करायचे.
आई गेली. आता मी तिच्यासारखं बोलले
तर ऐकायला कुणी नाही.

मी वाचून दाखवलं. गिरणी चालू होती, दुसऱ्यांदा वाचावं लागलं.
ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मला वाटलं, चुकीचं वाईट वाटलं.
रांगेतला माणूस आधार कार्ड हातात घेऊन खाकरला.

"माफी नोको मांगू म्हना.
अन् तिले इचार,
तिची माय सारेले का म्हने?"

मी टाइप केलं. पाठवायच्या आत लाइट गेली.
ताई उठल्या नाहीत.
आधार कार्डवाला पण बाकावर बसला,
म्हणाला, कोनची माय?