सांध्यातला गंज

माझगावच्या खोलीत रात्री साडेबाराला
मी एकशे त्रेचाळिसाव्या प्राध्यापकांना लिहिते:
आदरणीय अमुक, आपला तमुक शोधनिबंध वाचला.
खरंच वाचलेला असतो,
पण ते दोन ओळींत पटवायचं कसं?

तक्ता आहे माझ्याकडे. देश, विषय, शेवटची तारीख,
आणि टोकाचा रकाना: पैसे कोण देणार.
बहुतेक तिथेच अडतं.
'आपली आवड कौतुकास्पद, सध्या निधी नाही,'
हे नॉर्वेहून आलेलं वाक्य
कानपूरहून आलेल्या वाक्याची सख्खी बहीण.
गेटही दिली मी. गुण बरे आले.
मुलाखतीला बोलावलं, आणि गेटाबाहेरच ठेवलं.

आईला पहिल्यापासून संशय.
"शिकणार तू, आणि पगार ते देणार?
मग त्यांचं काय गं त्यात?"
बालवाडीपासूनच्या फीच्या पावत्या
तिने साबुदाण्याच्या डब्यात जपल्यात.
पैसा उलटा वाहताना तिने पाहिलेला नाही.
मी सांगते, गंज, आई. गंज का चढतो ते शोधायचं.
"त्यात शोधायचं काय? खारा वारा आहे."
माझा प्रस्ताव पाचशे शब्दांचा. तिचा संपला.

अण्णा बोलत नाहीत फारसं.
एकतीस वर्षं गोदीत हातोडीने
जहाजांच्या खपल्या काढताना डावा कान गेला.
जेवताना मी उजवीकडे बसते.
अकरावीत होते तेव्हा एकदा म्हणाले होते,
"पत्रा मधोमध सडत नाही, सांध्यात सडतो.
पाणी शिरतं पण हवा खेळत नाही, तिथे."

मार्चमधल्या एका मंगळवारी
पडद्यावर तिघं आले.
शेजारच्या रेवणकरांचा मिक्सर नेमका तेव्हाच.
मधल्या बाईंनी विचारलं,
फटीतल्या गंजाकडे कशा वळलात?
पाठ केलेलं उत्तर होतं, तीन संदर्भांसकट.
गेलं कुठे कोण जाणे.
मी अण्णांचं वाक्य सांगितलं मोडक्या इंग्रजीत
आणि लॅपटॉप उचलून खिडकीकडे फिरवला:
गजांच्या जोडापाशी तपकिरी ओघळ,
खाली भिंतीवर चहा सांडल्यासारखा.
बाई चष्मा कपाळावर ढकलून पुढे झुकल्या.
"ही जाळी कोणत्या साली बसवली?"
मी मान वळवून ओरडले, उजव्या कानाच्या रोखाने.
"शहाण्णव! गणपतीच्या आधी!"
त्यांनी लिहून घेतलं.
गणपतीसकट, असं मला वाटलं.

प्रतीक्षा यादीत तिसरी.
म्हणजे दोघं नको म्हणाले तर.
मी तो रकाना पिवळा केला
आणि खाली एकशे चव्वेचाळिसावी ओळ उघडली.

दसऱ्याआधी अण्णांनी खिडकी घासायला काढली.
पॉलिश पेपर, लाल प्रायमर, जुनी बनियन.
डावीकडच्या चार गजांशी येऊन थांबले.
"एवढे राहू देऊ?"
आई म्हणाली, भिकारडं दिसेल, लोक काय म्हणतील.
अण्णांना ऐकू आलं नाही. किंवा आलं.
त्यांनी खिशातून खडू काढला
आणि गजांखालच्या दगडावर
आजची तारीख घातली.