बाविसावा आठवडा

मर्साबिटच्या बाजारात, मशिदीमागच्या बोळात
अबशीरचं दुकान. दुकान म्हणजे एक जुना कंटेनर
आणि आत रबराच्या वासाचा अंधार.

गाडी दारात उभी आहे, एका अंगावर कललेली.
मागचा डावा टायर काल मैकोनाच्या अलीकडे गेला.
पंक्चर नव्हे, पंक्चर मी झोपेतही काढते.
काळ्या दगडानं त्याची कूसच फाडली, चांगली वीतभर,
आणि पाठीमागे शीतपेटीत
उंटांच्या लशीच्या चारशे मात्रा,
बर्फ किती उरलाय कुणाला ठाऊक.

"हा घे, तुम्मे," अबशीर म्हणतो, "दात बघ याचे,
चिखल खाऊन टाकेल."
चिखल!
आमच्याकडे चिखल पाहुणा म्हणून येतो,
वर्षातून दहा-अकरा दिवस, तोही न सांगता.
बाकी वर्षभर घरात दगडच.
आणि दगडावर हे दात
तुकड्या-तुकड्यानं पडतात,
म्हाताऱ्याचे पडावेत तसे.

एलेमा सोबत आला होता.
तीस वर्षं हीच वाट चालवली त्यानं, मलाही त्यानंच शिकवलं.
आता डोळ्यांत साय धरलीय.
चाल्बीचं मीठ गेलं, म्हणतो.
उलट्या कॅनवर बसून चहा संपेतोवर गप्प होता, मग म्हणाला,
"रुंद नको. रुंद टायर लग्नाला जाणाऱ्यांचे.
उंच दे, अरुंद. साडेसात-सोळा."

अबशीरनं आतून एक लोळवत आणला.
एलेमानं त्याच्या कुशीवरून हात फिरवला,
उंटाच्या मानेत गोचीड शोधावी तसा,
थांबत, बोट दाबत, पुन्हा मागे येत.
"कूस जाड हवी. दगड तळव्याला चावत नाही.
आणि वाळू लागली की हवा अर्धी सोड.
मग बघ, उंटाचं पाऊल होतं याचं,
जड असूनही रुतत नाही."
शंभरदा ऐकलंय मी हे.
तरी ऐकलं.

"आकडे वाच."
मोबाइलचा उजेड धरला. रिमजवळ, लंबगोलात, चार आकडे:
बावीस, सतरा.
सतरा सालचा बाविसावा आठवडा.
त्यानं मनात हिशेब केला, आठवड्यांचा नाही, चंद्रांचा.
"म्हणजे दुष्काळाचं साल.
त्याच सुमारास माझी पांढरी सांडणी बसली
ती उठलीच नाही."

"पण काका, एक मैल धावलेला नाही!" अबशीर कळवळला,
"कोरा करकरीत आहे!"

"तेच तर," एलेमा म्हणाला.
"नुसतं बसून राहिलं की आतून तडकतं."

मग कुणी बोललं नाही.
उन्हानं कंटेनरचा पत्रा टक्‌ टक्‌ वाजला.
एलेमानं टायरवरचा हात उचलला
आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

पैसे मोजले. सतरा सालचे चार येत होते,
किंवा या वर्षीचे दोन.
दोनच घेतले, मागच्या चाकांना, जिथे ओझं असतं.
वर एक ट्यूब, व्हॉल्व्हच्या टोप्या,
आणि अबशीरचा रुसवा, फुकट.
पुढचे दोन मार्चपर्यंत चालतील.
चालतील म्हणजे, मीच त्यांना चालवीन,
दगडाला दगड म्हणून बघत.
मागचा उजवा काढला तो स्टेपनीला.
म्हातारा आहे, पण निदान माहितीतला.

फाटका टायर बाहेर नेईपर्यंत
चपला कापणारा बोनाया सुरी घेऊन हजर.
"कुशीचा नको, तळव्याचा काप," एलेमानं बजावलं
आणि चप्पल काढून उघडं पाऊल
नक्षी झिजून गेलेल्या रबरावर ठेवलं.
बोनायानं खडूनं रेघ ओढली.
अंगठ्यापाशी जरा जास्तच जागा सोडली.

शीतपेटी उघडून पाहिली. बर्फ आहे, मुठीएवढा.
निघायला हवं.
एलेमा पुढे बसेना.
"मागे बसतो, नव्या चाकांवर.
तू वाट बघ, मी आवाज ऐकतो.
बदलला, तर पत्र्यावर दोनदा थापटीन."