पंचनामा, दुरुस्तीसह

आसरा चौकात सिग्नल लाल होता.
माझा छोटा हत्ती उभा होता,
मागं चादरीचे बावीस गठ्ठे,
हँडब्रेक ओढलेला,
आणि पुढची पांढरी गाडी
रिव्हर्समध्ये आली.
एवढंच झालं.

पण काच फुटल्याचा आवाज संपायच्या आत
पानटपरीवरून कोणीतरी ओरडलं,
"बघ बे, बाई चालवायली!"
मग ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं
त्यांनीही सगळं पाहिलं.

गाडीवाला उतरला, माझ्याशी बोललाच नाही.
माझ्या डोक्यावरून, हवेला विचारावं तसं,
"मालक कोण? नवऱ्याला बोलवा."
नवरा अक्कलकोट रोडला, लूमवर, दुसऱ्या पाळीत.
कागदावर मालक तोच आहे.
त्याला सायकलीपुढचं काही येत नाही.
शेजारी बसला की खड्ड्याआधीच
सीट धरून डोळे मिटतो.
हे मी चौकात सांगितलं नाही.
घरातलं घरात.

हवालदार हुक्केरी बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होते,
"महिला चालक असल्याने वाहन वेळीच न आवरल्यामुळे..."
मी म्हटलं, साहेब,
उभी गाडी आणखी किती आवरायची?
ते म्हणाले, सही करा,
उद्या संध्याकाळी जबाबाला चौकीवर या.

माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या.
तपासणारा मूठभर बाजूला काढायचा, खराब म्हणायचा,
ती मान हलवायची.
कोणती खराब, कशानं खराब,
विचारलं नाही कधी. वाचता येत नव्हतं तिला.
मला येतं.
मी कागद वाचला. पूर्ण.
मागची बाजूसुद्धा, जी कोरी होती.

मग तहसीन वकीलबाईंना फोन.
बचत गटात एकदा बोलायला आल्या होत्या,
त्यांचा नंबर टेम्पोच्या दाराला आतून लिहून ठेवलाय.
स्पीकरवर म्हणाल्या,
बाईचा जबाब घ्यायचा तर तिच्या घरी जावं लागतं, हवालदारसाहेब.
आणि यशोदा, तू ऐक,
कायद्यात जिथं "तो" लिहिलंय
तिथं "ती"सुद्धा धरतात.

घरी तेलुगू, चौकात मराठी,
आमचं वाक्य होता-होती केल्याशिवाय संपत नाही.
नुसतं क्रियापद ऐकून
टपरीला गुन्हेगार सापडतो.
आणि तिकडं कुठल्याशा जाड पुस्तकात
एका "तो"च्या आत
मी बसलेय म्हणे, बेल्ट लावून,
माझ्या जन्माच्याही आधीपासून.
जागा अडचणीची आहे.
पण आहे.

हुक्केरींनी "महिला"वर रेघ मारली.
मग "वेळीच"वर.
मग उरलेल्या ओळीला काही अर्थच राहिना,
म्हणून तिच्यावरही.
बाजूला बारीक सही.
कोणीतरी म्हणालं, वर कॅमेरा आहे की ओ!
सगळ्यांनी वर पाहिलं.
त्याचं तोंड मंगल कार्यालयाकडं होतं.

रविवारी ते आले, विडी घरकुलात,
चपला दाराबाहेर काढून.
आईनं सुपातून मान वर केली नाही.
नाव? यशोदा गाजूल.
धंदा?
आतून नवरा म्हणाला, "घरका..."
आणि आपणच थांबला.
मी म्हटलं, चालक.
त्यांनी लिहिलं, "चलक".
मी बोट ठेवलं.
त्यांनी काना दिला.

नवा आरसा सोमवारी येणार आहे.
दुकानदार हे दर सोमवारी सांगतो.
तोवर आईनं जुनाच बांधून दिलाय,
विडीच्या दोऱ्यानं, वीस पदर करून.
तडा मधोमध आहे,
मागून येणारा प्रत्येक जण दोनदा दिसतो.
मी दोघांनाही साइड देते,
रस्ता असेल तर.